सोसायटीमागून मुळा वाहते, काठावर ट्रॅक करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेर-बालेवाडीकडे मुळा नदीला लागून असलेल्या एका सोसायटीला कुंपणामागचा सुमारे सहाशे मीटरचा काठ सुधारायचा आहे. झुडपं काढून लॉन, पाण्याला लागून जॉगिंग ट्रॅक, बाक, दिवे आणि जमलं तर मुलांसाठी पॅडल बोट, असा बेत आहे. सोसायटीतल्याच काही जणांचं म्हणणं आहे की इथे पक्षी येतात, कशालाही हात लावू नका. दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या आहेत आणि मला विचारलं आहे, यातून मधला मार्ग निघतो का?

गेली बावीस वर्षं मी नदीकाठांवरच काम करतोय, त्या अनुभवावर सांगतो. मार्ग निघतो, पण तो दोघांच्या बरोबर मधून जात नाही. माणसांनी नदीवर यायलाच हवं, हे माझं ठाम मत आहे. ज्या काठाकडे कुणी फिरकत नाही, तिथे रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. पण यायचं म्हणजे कुठपर्यंत आणि कसं, हे तुमच्या आर्किटेक्टच्या आधी नदी ठरवते. ती काय म्हणते ते समजून घेतलं की तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळतील आणि उरलेल्या जास्त चांगल्या होतील.

म्हणून आधी पूररेषा. महाराष्ट्रात नदीच्या दोन रेषा आखलेल्या असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यातला पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्यातला नियंत्रित क्षेत्र. लोक 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकतात आणि निर्धास्त होतात. वास्तविक याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, असा आहे. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांवर जाते. शंभर वर्षांचा म्हणतात तो पूरसुद्धा तेवढ्या काळात येण्याची शक्यता साधारण चारात एक आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना झोपेतून उठून बाहेर पडावं लागलं. ती मुठा होती, तुमची मुळा आहे. पण दोन्हींच्या वर धरणं आहेत, दोन्हींच्या काठांवर भराव झालेत, आणि घाटात एका रात्रीत कोसळणारा पाऊस दोन्हींना सारखाच आहे.

विकास आराखड्याच्या नकाशावर या रेषा दाखवलेल्या असतात. महापालिकेकडून तुमच्या सर्व्हे नंबरचा भाग नकला करून घ्या. प्रत्यक्ष जागेवर त्या रेषा कुठे येतात ते मोजणीदाराकडून आखून घ्या आणि तिथे दगड रोवा. खर्चाचं पहिलं काम हेच. हे झाल्याशिवाय लॉनचं कोटेशन मागवूच नका.

कागद हाती येईपर्यंत तुम्ही स्वतः एक गोष्ट पाहू शकता. पावसाळा संपल्यावर काठाने चालत जा आणि झाडांच्या फांद्यांकडे बघा. तुमच्या शेजारच्याच पट्ट्यात मी मागच्या दिवाळीनंतर गेलो होतो. एका करंजाच्या फांदीला दुधाची पिशवी, चिंध्या आणि वाळलेली जलपर्णी यांचा मोठा गुंता अडकलेला होता. मी हात पूर्ण वर केला तरी तो हातभर उंच राहिला. त्या झाडाच्या बुंध्यापाशी उभं राहून मागे वळून बघितलं तेव्हा त्याच पातळीवर एका सोसायटीचा बाकांचा कट्टा दिसला, टाइल्स वगैरे लावलेला. पुराने आपली उंची स्वतःच लिहून ठेवलेली असते. खालचं गवतही बघा. ते ज्या दिशेला आणि जिथपर्यंत आडवं झालंय, तिथपर्यंत पाण्याला जोर होता.

आता झुडपं. तुमच्या प्रश्नात 'माजलेली झाडी' असा शब्द आला आहे, तिथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळं काही त्यावरच ठरतं.

पाण्याकडून कुंपणाकडे या. अगदी कडेला गाळाची ओली पट्टी असते, तिच्यात लव्हाळा आणि पाणकणीस. लव्हाळा पुरात का टिकतो, हे शाळेतच सगळ्यांनी शिकलेलं असतं. तो वाकतो, आणि वाकताना आपल्याखालची माती दाबून धरतो. त्याच्या मागे वाळुंज, निर्गुडी. त्याच्या वर उंबर, करंज, जांभूळ, कुठे अर्जुन. आणि सगळ्यात वर, तुमच्या कुंपणालगत, उघडं गवत आणि बाभळी. या प्रत्येक पट्टीचं काम वेगळं आणि राहणारेही वेगळे. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी असते. पाण्यावर ओणवलेल्या बाभळीच्या फांदीला सुगरण खोपे बांधते, कारण खाली पाणी असलं की साप आणि मांजर सहज पोचत नाहीत. वरच्या मोकळ्या खडीत टिटवी अंडी घालते. घरटं नसतंच, चार खड्यांमध्ये चार अंडी, रंगही खड्यांचाच. मार्च ते जून हा तिचा काळ आणि नेमका तोच सोसायट्यांच्या स्वच्छता मोहिमांचा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की लोक दगड मारून हुसकावतात. खरं तर ती सांगत असते की तुमचा पुढचा पाय अंड्यावर पडणार आहे.

मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे, ती सांगणं माझं कर्तव्य आहे. सुरुवातीच्या वर्षांत पवनेच्या काठावर एका सोसायटीसाठी आम्ही तीन दिवस जेसीबी लावून काठ साफ केला. उतार एकसारखा करून घेतला, वर लॉन पसरलं, वळणदार पायवाट काढली. पहिल्या वर्षी लोक फोटो काढायला येत. दुसऱ्या पावसाळ्यात लॉन जागोजागी खचलं. तिसऱ्या पावसाळ्यात पायवाटेची नदीकडची कड खालची माती वाहून गेल्यामुळे अधांतरी लटकली आणि एका सकाळी कोसळली. नशिबाने त्या वेळी तिथे कुणी नव्हतं. काठ धरून ठेवणारी वाळुंजाची आणि निर्गुडीची मुळं आम्हीच उपटून ट्रकमध्ये भरून पाठवली होती. लॉनचं मूळ वीतभर खाली जातं. साध्या वाळ्याचं मूळ तीन मीटरपर्यंत जातं. हा फरक मला पुस्तकात वाचून माहीत होता, तरी अंगाशी आल्यावरच कळला.

याचा अर्थ तिथलं सगळंच ठेवायचं असा नाही. सुबाभूळ, घाणेरी, गाजरगवत काढायलाच हवं. ते दुसऱ्या कशाला वाढू देत नाहीत. पण एकदम नाही. यंदा एक तुकडा काढा, तिथे देशी झाडं रुजली की पुढच्या वर्षी दुसरा. घाणेरी कोयत्याने छाटू नका, पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की मुळासकट उपटा, नाहीतर दुप्पट फुटवे येतात. सुबाभळीला शेंगा धरण्याआधी हात घाला. आणि कुठलंही झाड तोडण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घ्या. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात 'आपल्याच मागची झाडं आहेत' ही सबब चालत नाही.

लावायचं काय, तर वर सांगितली तीच झाडं, त्याच क्रमाने. वाळुंज आणि निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड काठ्या रोवल्या तरी फुटतात. करंजाच्या बिया तिथेच खाली पडलेल्या मिळतील. सगळ्यांना पाच जूनला झाडं लावायची घाई असते. निळ्या रेषेच्या आत जूनमध्ये लावलेलं रोप जुलैत धरणातून पहिल्यांदा मोठं पाणी सोडलं की वाहून जातं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्या दिवशीची निमंत्रणंच घेत नाही. खालच्या पट्टीत सप्टेंबरच्या शेवटी लावा. माती ओली असते, पुराचा धोका उतरलेला असतो, आणि पुढच्या पावसाआधी मुळांना आठ महिने मिळतात. त्या बदल्यात दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल. ती जबाबदारी नावानिशी वाटून द्या. गुलमोहर, रेन ट्री आणि सध्या प्रत्येक रोपवाटिकेत विकला जाणारा कोनोकार्पस काठावर नको. वरच्या गवताळ पट्टीतला निदान अर्धा भाग तसाच उघडा ठेवा. तिथे झाड लावणं म्हणजे टिटवीचं घर काढून घेणं.

ट्रॅककडे वळतो. हो, करा. पण निळ्या रेषेच्या बाहेर करा. तिथे जागा अपुरी असेल तर रुंदी कमी करा. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट पुरते, म्हणजे दोन मीटरच्या आत. मुरूम दाबून, एका बाजूला किंचित उतार देऊन, कडेला काळा दगड बसवून केलेली वाट पावसाळ्यानंतर दोन माणसं एका दिवसात दुरुस्त करू शकतात. पेव्हर ब्लॉकच्या खालची वाळू पाण्याने गेली की ब्लॉक उचकटतात आणि मग ते गोळा करायला पैसे नसतात. सिमेंट काँक्रीटचा तर विचारच सोडा. त्याखालची जमीन पाणी पीत नाही, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सातलाही ते तापलेलं असतं.

आणि वाट सलग पाण्याच्या कडेने नेऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं. माणूस पाण्याच्या अगदी कडेने सतत ये-जा करत असला की त्या काठावरचा प्रत्येक पक्षी दर दोन मिनिटांनी उडतो. हिवाळ्यात दुरून आलेले धोबी आणि तुतवार तिथे पोट भरायला आलेले असतात, त्यांचा दिवस उडण्यातच जातो. तुमच्या सहाशे मीटरमध्ये दोनच ठिकाणी वाट पाण्याला भिडू दे. तिथे काळ्या दगडाच्या चार-सहा रुंद पायऱ्या करा, छोटा घाटच. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी घाट बांधले त्याला कारण आहे. पाणी चढलं की पायऱ्या बुडतात, उतरलं की धुऊन निघतात, मोडत काहीच नाही. बाक वेगळे लागतच नाहीत. उरलेल्या लांबीत वाट आणि पाणी यांच्यामध्ये झाडीचा पडदा राहू दे. त्या पडद्याआडून नदी मधूनमधून दिसते आणि एखाद्या वळणावर हळदी-कुंकू बदकांची जोडी अगदी जवळून बघायला मिळते, कारण तुम्ही त्यांना दिसलेले नसता.

दिवे कमी आणि बुटके लावा. कमरेएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळसर प्रकाशाचे, आणि रात्री नऊनंतर बंद. पाण्याच्या बाजूला एकही नको. रातबगळे संध्याकाळीच बाहेर पडतात, वटवाघळं उंबराच्या फळांना येतात, किडे पाण्यावर जमतात. पांढऱ्या फ्लडलाइटखाली हे सगळं विस्कटतं. सुरक्षिततेचा मुद्दा बायकांच्या बाजूने नेहमी निघतो आणि तो खराच आहे. त्यावर माझं उत्तर असं की नऊपर्यंत वाटेवर नीट प्रकाश आणि एक रखवालदार ठेवा, नऊनंतर फाटक बंद. रात्रभर झगमगाट असलेला निर्मनुष्य काठ कुणालाच सुरक्षित नसतो.

पॅडल बोटीला माझं स्पष्ट 'नाही' आहे. कारण पाणी. मुळशी धरणाचं पाणी पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे कोकणात उतरवलं जातं, आणि उन्हाळ्यात धरणाखाली मुळेला स्वतःचं पाणी फार थोडं उरतं. फेब्रुवारीनंतर तुमच्या मागे जे वाहताना दिसतं, त्यात वस्त्यांमधून आलेल्या सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. अंघोळीच्या पाण्यासाठी देशात ठरवलेली मर्यादा आहे. जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम हवा, आणि विष्ठेतले जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त २,५००. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एप्रिलमध्ये तपासणी करून घ्या आणि आकडे सूचना फलकावर लावा. बोटीची मागणी त्या दिवशी थांबेल आणि खऱ्या कामाची मागणी सुरू होईल. पुण्यात नदीवर बोटी नव्हत्या असं नाही. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांचा रेगाटा, म्हणजे नौकांचा महोत्सव, हा शहराचा सोहळाच असतो. त्यांनाही जलपर्णीशी झगडावं लागतं.

जलपर्णीबद्दल लोक चिडून बोलतात, जणू तीच रोग आहे. ती रोगाचं लक्षण आहे. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे तिचं खत, आणि अनुकूल हवेत ती पंधरा दिवसांत दुपटीने वाढते. ती काढावी लागतेच, कारण तिच्याखालच्या साचलेल्या पाण्यात डास फोफावतात. पण काढून काठावरच ढीग लावला तर पहिल्या पावसात तो परत नदीत जातो. ठेकेदाराला पैसे देण्याआधी ढीग कुठे गेला ते बघा. तणनाशकाची फवारणी तर अजिबात होऊ देऊ नका. कुजलेली जलपर्णी तळाशी बसते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तुमच्यातल्या पक्षीप्रेमी मंडळींनी शेकाट्या पक्ष्यांचे थवे हा नदी सुधारल्याचा पुरावा म्हणून दिलाय. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या देखणा आहे यात वाद नाही. पण तो सांडपाण्यात खूश असतो. मैल्याच्या गाळात लाल अळ्या भरपूर होतात, त्या त्याचं खाणं. शेकाट्यांची संख्या वाढली म्हणजे नदी सुधारली असं होत नाही, पुष्कळदा उलटच असतं. नदी सुरय आणि कवड्या खंड्या हे पक्षी पाण्यावर सूर मारून मासा उचलतात, म्हणून ते किती दिसतात याची नोंद ठेवा. मासा दिसायला पाणी थोडं तरी स्वच्छ लागतं आणि मासा असावाही लागतो.

आता जे काम कुणाला आवडत नाही ते. तुमच्या सोसायटीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उद्या सकाळी जाऊन बघा. हवा सोडण्याच्या टाकीवर उभे राहा. पाणी चॉकलेटी असेल आणि ओल्या मातीसारखा वास येत असेल तर केंद्र जिवंत आहे. पाणी काळं आणि वास कुजका असेल तर मैला खाणारे जिवाणू मेलेत आणि मैला तसाच पुढे चाललाय. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल वेगळं काढून बघा. बिल अचानक निम्म्यावर आलं असेल तर रात्री कुणीतरी मशीन बंद ठेवतंय. मी एका ठिकाणी व्यवस्थापन समितीबरोबर अशीच पाहणी केली. केंद्राच्या मागे पावसाळी गटाराला जोडलेला सहा इंची पाइप निघाला, तो थेट नाल्यात जात होता. समितीतल्या कुणालाच तो माहीत नव्हता. चाळीस हजारांच्या दुरुस्तीत त्या पट्ट्यातला वास गेला. त्या सोसायटीने त्याच वर्षी बाकांवर याच्या कितीतरी पट पैसे खर्च केले होते.

मग शेजारचा नाला उगमाकडे चालत जा, हातात वही घेऊन. कुठे पाइप मिळतो, कुठे पाण्याचा रंग बदलतो, लिहा, फोटो काढा. महापालिकेच्या मैलापाणी विभागाला 'नदी घाण आहे' असं पत्र दिलं तर उत्तर येत नाही. 'अमुक पुलाखाली उजवीकडे एवढ्या व्यासाचा पाइप, सकाळी सातला वाहत होता, फोटो सोबत' असं लिहिलं तर माणूस पाठवावाच लागतो. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून पुण्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प आहे, क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. पण केंद्र कितीही मोठं असलं तरी मैला तिथपर्यंत नळाने पोचायला हवा. वाटेत नाल्यात सुटलेलं पाणी कुठल्याच केंद्रात जात नाही. तो सुटलेला जोड शोधणं हे काठावर राहणाराच करू शकतो.

तुमच्या जागेची एक जास्तीची अडचण आहे. तुमचा काठ पुणे महापालिकेत आणि समोरचा वाकडचा काठ पिंपरी-चिंचवडमध्ये. मधलं पाणी कुणाचंच नाही, अशा थाटात कामं चालतात. जलपर्णी या बाजूची काढली की त्या बाजूची चार दिवसांत वाहत येते. समोरच्या सोसायट्यांशी ओळख करा. एकाच पत्राच्या दोन प्रती दोन्ही महापालिकांना आणि तिसरी जलसंपदा विभागाला, असं केलं तर टोलवाटोलवी कमी होते.

राडारोडा थांबवायचा स्वस्त उपाय आहे. डंपर नदीपर्यंत ज्या गल्लीतून येतो, तिच्या तोंडाशी मोठे काळे दगड अशा अंतराने टाका की माणूस, सायकल, म्हैस जाईल, चाक जाणार नाही. मध्ये रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी कुलूप लावलेलं फाटक. महापालिकेची परवानगी मागा, सहसा मिळते. या एका कामाने मी एका काठाचा भराव एका मोसमात थांबलेला पाहिलाय. पाच वर्षांच्या पत्रव्यवहाराने ते झालं नव्हतं.

वर 'म्हैस' मुद्दाम लिहिलंय. तुमची इमारत उभी राहण्याआधीपासून या नदीवर लोक येताहेत. गावठाणातले जुने लोक, जाळं टाकणारे भोई, म्हशी पाण्यात सोडणारे, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन उतरणारे धनगर. सुशोभीकरण म्हटलं की आधी यांनाच हाकललं जातं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. गावठाणातल्या सत्तरीच्या माणसांशी जाऊन बोला. कुठला डोह किती खोल होता, तो कुठे बुजला, कुठे वाळू होती, कुठे ते पोहायला शिकले, हे तुम्हाला कुठल्याच अहवालात मिळणार नाही. डोहांची नावं लिहून घ्या. ती माणसं गेली की नावंही जातील.

नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून थोडक्यात सांगतो. महापालिकेचा आराखडा मुळेचे २२.२, मुठेचे १०.४ आणि मुळा-मुठेचे ११.८, मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा आहे आणि मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. लोकांना नदीपर्यंत येता यावं हा त्यातला हेतू मला मान्य आहे. काठ उभे करून, दाबून, सगळीकडे एकसारखे करण्याला माझा विरोध आहे. बंडगार्डनच्या बाजूला झालेलं काम एकदा जाऊन बघा, आणि त्याच दिवशी पौडच्या वर मुळेच्या एखाद्या न बांधलेल्या वळणावर जा. दगड उलटा, खाली चिकटलेले किडे आणि शंख मुलांना दाखवा. मग आपल्याला मागच्या दारी यातलं काय हवंय, हे सोसायटीच्या सभेत ठरवा.

काठावर वापराचे काही नियम लागतीलच. कुत्रा साखळीला, टिटवीच्या मोसमात तर नक्कीच. माशांना पाव घालायचा नाही. निर्माल्य आणि गणपतीसाठी वर हौद, नदीत नाही. स्पीकर नाही. हे नियम फलकावर लिहून भागत नाही, रोज सकाळी फिरणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी अंगावर घ्यावे लागतात.

कामाचा क्रम सांगतो. या पावसाळ्यात काहीही बांधू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सर्वात चढेल त्या दिवशी ते कुठपर्यंत आलं, त्याची खडूने कुंपणाच्या खांबावर खूण करा आणि तारीख लिहा. सप्टेंबरअखेर पहिली लागवड. नोव्हेंबरात मुरमाची वाट आणि एक घाट, दुसरा पुढच्या वर्षी. आणि नोव्हेंबरपासूनच पक्ष्यांची वही सुरू करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात ते आठ, त्याच दोन जागांवरून मोजणी. लॉन हवं म्हणणाऱ्यांपैकी एक आणि हात लावू नका म्हणणाऱ्यांपैकी एक, अशा जोडीनेच मोजायचं. वर्षभराची वही झाली की मला कळवा, मी येईन आणि दुसरा घाट कुठे करायचा ते आपण ती वही समोर ठेवून ठरवू.